गाडीमागचं घर

माझ्या धाकट्या बहिणीनं गाडीमागं जोडायचं घर घेतलं ही बातमी फोनवर आली, तेव्हा मी दोडका सोलत होते.

"आक्का, आत फ्रीज हाय," ती म्हणाली.

"बरं झालं."

"एसी हाय. टीव्ही हाय. आंगोळीला शॉवर हाय."

"बरं झालं."

"आणि बसायला अस्सल चामड्याचा सोफा. पुण्यासनं करून आणलाय."

यावर मी काय म्हणाले ते आठवत नाही. फोन ठेवून बघते तर दोडक्याचा सगळा गर सालीबरोबर गेला होता आणि हातात पेन्सिलीएवढी काडी उरली होती.

गोड शब्द शोधण्यात अर्थ नाही. मी जळले. शिकलेल्या माणसांना हेवा वाटतो म्हणे, मला वाटला तो सरळ जळफळाट होता. मी बेळगावच्या हायस्कुलात जन्मभर शिकवलं, पोरींना सुविचार लिहायला लावले, आणि निवृत्त होऊन घरी बसल्यावर बहिणीच्या फ्रीजवर जळत राहिले. तिचा नवरा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. त्यांच्या बंगल्यावर मी कधी जळले नाही, तिच्या पाटल्यांवर नाही. पण हे घर तिनं आईसाठी घेतलं होतं. पोटात दुखलं ते तिथं.

आमची आई सदलग्याला एकटी राहते. मुलगा नाही, आम्ही दोघी मुलीच. आम्ही जैन, आणि आई व्रती आहे. दिवसातून एकदा जेवते, तेही घरच्या माणसानं, घरच्या भांड्यात, विहिरीचं ताजं पाणी गाळून शिजवलेलं. सूर्य मावळला की पाण्याचा थेंबसुद्धा नाही. हॉटेलात ती पाय ठेवत नाही. त्यात कंबर अशी की गाडीत दोन तास बसली तर उतरताना दोघांनी धरावं लागतं. आणि तिला एकदा, शेवटचं एकदा, श्रवणबेळगोळला जायचं होतं. "डोंगर चढायचा न्हाय मला," ती म्हणायची, "खालनं हात जोडतो आणि येतो." अशा बाईला इतक्या लांब न्यायचं तर चूल आणि अंथरूण बरोबर हवं. गाडीमागं घर हवं, हे बरोबरच होतं. फक्त ते मला आधी सुचायला हवं होतं.

मी आईला फोन केला.

"धाकटी न्हेतो म्हणतीया," आई म्हणाली. आवाजात साखर. "तू बी ये की मागनं."

मागनं! थोरली मी, आणि मी मागनं यायचं.

हे आजचं नाही. लहानपणी सणाला कापड घ्यायला आप्पा आम्हाला चिकोडीला न्यायचे. धाकटीला झालरीचा फ्रॉक मिळायचा, मोत्यांची बटणं लावलेला. मला जाड सुती कापड. आई ते दोन्ही हातांनी ताणून बघायची आणि म्हणायची, "हे टिकंल." टिकायचंही. माझे झगे कधी फाटले नाहीत, ही माझी मोठी तक्रार आहे. धाकटीचे फ्रॉक एका पावसाळ्यात विरायचे आणि तिला नवा मिळायचा.

आठवड्याभरात मी आणि आमचे हे ते घर बघायला निपाणीला गेलो. बंगल्यासमोर ते पांढरंशुभ्र उभं होतं, अंगावर सोनेरी पट्टा. आत छताला रंग बदलणारे दिवे. बहीण बटण दाबून दाखवत होती, निळा, गुलाबी, जांभळा, आणि पाव्हणे, म्हणजे तिचे यजमान, दारात उभे राहून घाम पुसत होते. मी सोफ्यावर बसले. मऊ होता. इतका मऊ की मला अजून राग आला.

हे कारखान्यात आयुष्य काढलेले गृहस्थ. त्यांनी भिंतीला अंगठा लावून दाबलं तर भिंत आत गेली. दार दोनदा ओढल्याशिवाय बसत नव्हतं. खाली वाकून बघितलं तर एवढ्या डोलाऱ्याला चाकांच्या वर स्प्रिंगचे पाटे बारकुसे, पोराच्या सायकलीला शोभावेत असे. परतीच्या वाटेवर मी तवंदीचा घाट संपेपर्यंत बोलत होते. बडा घर पोकळ वासा. टीव्ही कुणाला हवाय? आई टीव्ही बघते का? फ्रीजमध्ये ठेवणार काय, आई शिळं खाते का?

"कोल्ह्याला द्राक्षं आंबट," हे म्हणाले.

"मग मला द्राक्षं आणून द्या," मी म्हटलं. "पण चांगली. बिनशोभेची."

तिथून आमचा शोध सुरू झाला. मला काय हवं ते डोक्यात पक्कं होतं. खालचा सांगाडा दणकट, छप्पर न गळणारं, दार एका ओढीत बसणारं, दोन बर्थ, एक चूल, धुण्याची मोरी. बस्स. एवढं साधं मागितलं तर मिळायला सोपं असेल असं मला वाटलं होतं. हुबळीला गेलो, कोल्हापूरला गेलो. जो तो आधी दिवे लावून दाखवायचा. मी एक्सल कुठल्या मापाचा आहे ते विचारलं की माणूस ह्यांच्याकडे बघायचा. "मॅडम, तुमच्यासाठी म्युझिक सिस्टीम फ्री देतो की." एकानं तर मागच्या भिंतीवर धबधब्याचं चित्र काढून द्यायची तयारी दाखवली. आमच्याकडची उसाची ट्रॉली बघा, डोंगराएवढा ऊस लादून खड्ड्यातनं जाते आणि वर्षानुवर्षं मोडत नाही. तशी ट्रॉली करणाऱ्या माणसानं घर बांधलं तर कसं बांधेल, तसं मला हवं होतं.

ते खानापुरात सापडलं. एका म्हाताऱ्या लाकूड कंत्राटदारानं जंगलातल्या मुक्कामासाठी करून घेतलेलं, आता फणसाखाली उभं होतं. बाहेरून खोकं. रंग शेवाळी, तोही उडालेला. आत सागवानी फळ्यांची जमीन, दोन बर्थ, जाळीच्या दोन खिडक्या. मी जमिनीवर उड्या मारल्या. मी, आणि या वयात. फळी कुरकुरली नाही. ह्यांनी छपरावर बादल्या ओतल्या, मी आत बसून वर बघत राहिले, थेंब आला नाही. दार ओढलं तर एका ओढीत बसलं, आणि तो आवाज ऐकून मला जे वाटलं ते बहिणीच्या सोफ्यावर बसून वाटलं नव्हतं.

"बाई, ह्यात काय बी न्हाय बगा," म्हातारा संकोचून म्हणाला. "पंखा बी न्हाय."

"म्हणूनच घेतो," मी म्हटलं.

घरी आणून मी त्याला घासलं, रंगवलं, आतून चुना दिला. चुलीसाठी दगडी फरशी बसवली. पाणी काढायला नवी दोरी, बादली, आणि गाळायला दुहेरी विणीचं पांढरं फडकं. डावीकडचा बर्थ आईचा, उजवीकडचा माझा. दोन्हींवर मी कापसाच्या गाद्या करून घातल्या. माझ्या गादीवर पालथी पडून मी एकदा बघितलंही, की इथून हात लांब केला तर आईचा हात हाताला लागतो का. लागत होता. हे मी ह्यांना सांगितलं नाही.

आईला कळवलं तर ती म्हणाली, "दोघी बी घिऊन या. बघून ठरीवतो."

त्या दिवशी सदलग्याच्या आमच्या अंगणात दोन्ही घरं शेजारी शेजारी उभी राहिली आणि गल्ली लोटली. सगळे आधी पांढऱ्याकडे गेले, अर्थात. दिवे निळे झाले, गुलाबी झाले, बायका हसल्या. माझ्या शेवाळी खोक्याजवळ एक म्हैस तेवढी थांबली. बहिणीनं आईचा हात धरून तिला पायरी चढवली. मी मागोमाग. आई फ्रीजकडे बघत होती, कौतुकानं. शॉवर बघितला. मग सोफ्यापाशी आली आणि बसायला वाकली.

आणि मी म्हणाले, "आई, हात लावून बघ की. अस्सल चामडं हाय म्हणं. पुण्याचं."

आई वाकली होती तशीच थांबली. जन्मात तिनं पायात कातडी चप्पल घातली नाही, आप्पांचा पट्टासुद्धा घराबाहेर खुंटीला असायचा. ती सरळ झाली आणि तिनं पदर गोळा करून अंगाशी घेतला.

"न्हवं गं आई!" बहीण किंचाळली. "रेक्झिन हाय! खोटं हाय!"

"परवा तर अस्सल हुतं," मी म्हटलं.

"व्हय, पर ते तसं सांगायचं असतं!" तिनं नवऱ्याकडे बघितलं. "सांगा की ओ, खोटं हाय म्हणून!"

पाव्हणे बिचारे. महिनाभर निपाणीत ज्याला त्याला अस्सल म्हणून सांगत सुटलेला माणूस. "खोटंच हाय म्हणायचं," ते म्हणाले, आणि गल्लीतून कुणीतरी खुदकन हसलं. खरं सांगते, मला इतका आनंद माझा पहिला पगार हातात आला तेव्हाही झाला नव्हता.

आई खाली उतरली. माझ्या घरात आली. बर्थवर बसली, कंबर टेकवली, गाळायचं फडकं बोटांत धरून त्याची वीण बघितली. मग गादीचं कापड दोन्ही हातांनी ताणून बघितलं.

"हे टिकंल," ती म्हणाली. "थोरलीच्या गाडीतनं जाऊया."

मी जिंकले. गल्लीसमक्ष जिंकले. बाहेर बहीण तुळशीकट्ट्यावर बसून रडायला लागली होती. चाळिशी कधीच ओलांडलेली बाई, नाक पुसत, लहान पोरीसारखी. आईनं तिच्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "तिला बी घिऊया गं. एकटी रडत बसंल." जिंकलेल्या माणसाला मन मोठं करायला काय जातं? मी म्हटलं, घेऊया की.

चालत्या गाडीत मागच्या घरात कुणी बसायचं नाही असा ह्यांचा नियम होता. त्यामुळे आई आमच्या जीपच्या मागच्या सीटवर आडवी, तिचं डोकं बहिणीच्या मांडीवर. मी पुढं. मधनंमधनं थांबायचं, मागचं घर उघडायचं, आईनं बर्थवर पाठ टेकायची. धारवाड गेलं, हुबळी गेली. खड्डे आले तरी भांड्याला भांडं लागलं नाही. दुपारी मी रस्त्याकडेच्या एका विहिरीवरून पाणी काढलं, गाळलं, फडक्यात राहिलेले जीव त्याच विहिरीत हळू सोडले, आणि चूल पेटवली. भाकरी थापायला बसणार तोच आई म्हणाली, "भाकरी धाकटीला करू दे. तिच्या हातची मऊ असती." मी उठले.

दावणगेरेच्या अलीकडे एक बस्ती आहे. आमच्या मंदिरांना इकडे बस्ती म्हणतात. अंगणात मुक्कामाला जागा दिली त्यांनी, ह्यांना झोपायला ओसरी. ऊन अजून होतं. आईनं सूर्य मावळायच्या आत शेवटचं पाणी घेतलं आणि घरात जाऊन डाव्या बर्थवर पडली. मी चूल विझवून, भांडी घासून दारात आले तर उजव्या बर्थवर, माझ्या गादीवर, बहीण बसली होती. आईचा हात तिच्या हातात होता. हात पोचत होता, मी मापलंच होतं तसं.

"हितं धाकटी झोपंल," आई म्हणाली. "बाहीर तिला भ्या वाटतं. तू जीपजवळ खाट टाक. तुला काय हुतंय?"

मी दारात उभी होते. मागं शेत होतं, त्यात कुठंतरी कुत्री भुंकत होती. मला वाटलं आज बोलावं. इतकी वर्षं नाही बोलले, आज बोलावं.

"आई," मी म्हटलं, "मला बी भ्या वाटतं बाहीर."

आईनं मान उचलून माझ्याकडे बघितलं. बहिणीनं बघितलं. आणि दोघी एकदम हसायला लागल्या. वाईट नव्हतं ते हसणं, मनापासून होतं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं हसून.

"तुला?" आई म्हणाली. "तुला गं कसलं भ्या?"

मीही हसले. मग मी बाहेरून दार ओढून घेतलं. एका ओढीत बसलं. खाट टाकायच्या आधी मी जीपच्या मागं गेले आणि घराच्या जोडाची पिन नीट बसली आहे का ते वाकून बघितलं. बसली होती. मीच बसवली होती.