काजवालीची भाषा

धुकं इतकं दाटलं होतं, की समोरच्या दवाखान्याची पाटीसुद्धा दिसत नव्हती. मास्तरीणबाईंनी दुकानाचं शटर वर ढकललं, गारठलेले तळवे एकमेकांवर घासले, इस्त्री तापत ठेवली आणि कापायच्या टेबलावर निळा तागा उलगडला. शाळेचे चाळीस सदरे शिवायचे होते. मग आतल्या खोलीतून मास्तरांना धरून आणून त्यांनी मशीनशेजारच्या स्टुलावर बसवलं.

"अहो, गार वाजतंय का?"

मास्तरांनी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते आताशा कळत नसे. पण त्यांचे डोळे रस्त्याकडे लागलेत, हे मात्र बाईंना नीट कळलं. आज सदऱ्यांना काज-बटणं करणाऱ्या काजवालीचा दिवस. तिच्या वाराचा हिशेब या माणसाला बरोबर लागतो, आणि सख्ख्या बायकोचं नाव विचारलं तर नुसता हसतो!

मास्तर मूळचे दुसऱ्या मुलखातले. विशीत सुईदोरा घेऊन इकडे आले, तेव्हा त्यांना इथल्या भाषेत पाणीदेखील नीट मागता येत नव्हतं. ज्या कारखान्यात ते कटिंग करायचे, तिथेच बाई मशीनवर बसायच्या. बाही, कॉलर, गळा असं एकेक करत त्यांनीच मास्तरांना बोलायला शिकवलं. लग्नानंतर मास्तर गिऱ्हाइकांना ऐटीत सांगत, "हिच्यापायी जुनी जीभ उसवली आणि नवी शिवून घेतली." हे वाक्य बाईंनी चव्वेचाळीस वर्षं दागिन्यासारखं मिरवलं. भांडणं, लाडीगोडी, पोरीचं पाळण्यातलं नाव, सगळं बाईंच्या भाषेत. दुसरी भाषा कधी घराचा उंबरा चढली नाही.

गेल्या वर्षापासून मात्र शिवण उलटीकडून उसवायला लागली. आधी नव्या वस्तूंची नावं गेली, मग शेजाऱ्यांची, मग रोजची वाक्यं. डॉक्टर म्हणाले, "म्हातारपणी होतं असं कधीकधी. मागून शिकलेलं आधी जातं, लहानपणीचं टिकून राहतं."

"म्हणजे मी मागून आलेली," घरी येताना बाई लेकीला म्हणाल्या.

"आई, डॉक्टर भाषेबद्दल बोलत होते गं."

"मग मी कशाबद्दल बोलतेय?"

अशातच ही काजवाली आली. काज-बटणाची जुनी बाई काम सोडून गेली, म्हणून हिला ठेवलं. निघाली मास्तरांच्याच मुलखातली. पहिल्या दिवशी दोरा तुटला तशी ती आपल्या बोलीत त्याला काहीतरी पुटपुटली आणि स्टुलावरचे मास्तर खदखदून हसले. जवळजवळ वर्षभराने हसले. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंच्या पोटात दुखलं.

आजही काजवाली आल्या आल्या दोघांचं सुरू झालं.

"काय म्हणतायत?" बाईंनी कात्री न थांबवता विचारलं.

"काही नाही बाई, विहिरीचं सांगतायत. लहानपणी मोठ्या बहिणीनं ढकललं म्हणे आत. तसंच पोहायला आलं."

कात्री थांबली. बहीण होती? विहीर होती? चव्वेचाळीस वर्षं एका ताटात जेवलो आणि ही विहीर कुठे दडवली होती या माणसानं? आणि उघडली ती कुणापुढे, तर काल आलेल्या या बाईपुढे!

संध्याकाळी त्यांनी आधीच्या तयार सदऱ्यांचं गाठोडं काजवालीच्या हातात दिलं. "यापुढे घरूनच करून आण. इथे जागा अपुरी पडते."

काजवालीने रिकाम्या बाकाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि गाठोडं उचललं.

पुढचे चार दिवस दुकानात नुसती मशीन बोलत होती. मास्तर रस्त्याकडे तोंड करून बसायचे. ताट पुढे आलं की दोन घास खाऊन सारायचे. चौथ्या दिवशी बाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, बोला की माझ्याशी. शिव्या द्या हव्या तर."

मास्तर गडबडीने उठले. हाताने स्टूल झटकलं आणि अदबीने बाईंपुढे सरकवलं. गिऱ्हाईक आलं की सरकवायचे, तसं.

बाई त्या स्टुलावर मटकन बसल्या. मग उठल्या, शेजारच्या चप्पलवाल्याला "यांच्याकडे जरा लक्ष असू दे" म्हणाल्या आणि तडक काजवालीच्या खोलीवर गेल्या.

"मला वाटलं माझ्या काजात खोट निघाली," काजवाली दारातूनच म्हणाली.

"काजात नाही. माझ्या पोटात निघाली. चल आता. पण एक अट आहे. ते जे बोलतील ते सगळं मला सांगायचं. गाळायचं नाही."

"सगळं?" काजवाली घुटमळली. "बाई, तुम्हाला राग येईल."

"राग आधीच आलाय. बोल."

"ते तुमच्याबद्दल विचारतात. म्हणतात, ही बाई दिवसभर राबते, हात सोन्याचा आहे, पण तोंडातून नुसता आवाज निघतो, शब्द नाही. बिचारी जन्मापासून मुकी आहे का?"

मुकी! जिच्या तोंडाला लागायला अख्खी गल्ली भ्यायची, ती मुकी!

"आणि तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, मुकी नाही, रागावलीय."

दोघी धुक्यातून परत निघाल्या. वाटेत बाईंनी काजवालीकडून एकच वाक्य घोकून घेतलं: जेवण गार होतंय, उठा. शब्द दातांत अडकत होते. पोरीसोरींसारखं पाठ करताना जिवाचा संताप होत होता, आणि काजवालीच्या तोंडून तेच इतकं सहज निघतं याचा त्याहून जास्त.

दुकानात येऊन त्यांनी ताट वाढलं, मास्तरांपुढे धरलं आणि एका दमात वाक्य म्हणून टाकलं.

ताट सारायला उचललेला मास्तरांचा हात हवेतच राहिला. त्यांनी बाईंकडे टक लावून पाहिलं. मग ताट घेतलं, मोठा घास तोंडात घातला आणि चावता चावता काजवालीकडे वळून काहीतरी बोलले. काजवालीने ओठ चावला.

"गाळायचं नाही म्हटलं ना?" बाई गरजल्या.

"म्हणतायत, बोलते की! पण तोतरी आहे बिचारी."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. बोलले माझ्याबद्दल, तेही हिच्याकडे वळूनच. पण मास्तर पुढचा घास घेत होते, आणि घास घेताना आता डोळे रस्त्यावर नव्हते. तोतरी काय पुढे बोलते, याची वाट पाहत ते बाईंच्या तोंडाकडे बघत होते.

"विहिरीला काय म्हणतात तुमच्यात?" बाईंनी काजवालीला विचारलं.

काजवालीने सांगितलं. बाईंनी तो शब्द दोनदा पुटपुटला, मास्तरांपुढे पाण्याचा पेला ठेवला आणि मशीनवर बसून रिकामी झालेली बॉबिन भरायला घेतली. अजून सव्वीस सदऱ्यांच्या कॉलर बाकी होत्या.