अक्कांचं शतावरीचं दूध

आमच्या अक्का भर पंगतीत डोईवरचा पदर खांद्यावर टाकायच्या. समोर सासरे असोत की तालुक्याचे पुढारी, अंगातून आग उसळली की पदर खाली आणि हाताला येईल त्या ताटलीनं वारा घेणं सुरू. पौषातल्या थंडीतसुद्धा. कुणी डोळे वटारले तर म्हणायच्या, "पाळी गेली माझी. आग होती. तुमच्या डोस्क्यावर ठिवू का पदर?" पुढारी मुकाट ताटात बघून जेवायचे.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आबा, माझे थोरले दीर, यांची बायको. युसूफ वडगावच्या आमच्या घरी बक्कळ जमीन, दावणीला म्हशी आणि दारात कायम कुणाची ना कुणाची गाडी. एवढ्या मोठ्या घरात बायकांच्या दुखण्याला मात्र एकच नाव होतं, 'बायकांचं काहीतरी'. ते ऐकलं की अक्कांचं टाळकं सटकायचं. "काहीतरी काहून? नाव हाय की त्याला!"

एका नवरात्रात घटाच्या आरतीला आम्ही दाटीवाटीनं उभ्या होतो. कापराच्या धुरात अक्कांचा चेहरा लालबुंद झाला, घामाच्या धारा लागल्या, हात थरथरायला लागले. शेजारची एक म्हातारी ओरडली, "आई आली गं, आई!" झालं! बायका पायांवर लोळल्या. कुणी ओटी भरायला धावली, कुणी लेकीचं लग्न कधी जमेल ते विचारलं. खोटं कशाला सांगू, नारळ घेऊन मीही पुढे झाले. अक्का कडाडल्या, "आई-बिई न्हाई गं बायांनो! पाळी गेल्यावर अशीच आग होती. तुमाला बी होणार हाय. सरका, वारा येऊ द्या!" तरी दोघी-तिघींनी नमस्कार केलाच. देवी लई तापट आहे, असं म्हणत घरी गेल्या.

या आगीवर अक्कांचा उतारा म्हणजे शतावरी. बांधावरच्या काट्याकुट्यात तिचे वेल होते. मुळ्या खणायच्या, सोलायच्या, वाळवून कुटायच्या. रोज सकाळी धार काढली की पहिला पेला दूध अक्का स्वतःसाठी काढून ठेवायच्या आणि त्यात ती पूड उकळून प्यायच्या. ज्या घरात दूध आधी डेअरीला, मग पुरुषांना, मग लेकरांना मिळे, तिथे हे म्हणजे बंडच होतं. सासूबाई म्हणाल्या, "शतावरी बाळंतिणीला देत्यात, न्हाईतर आटल्याल्या म्हशीला. तुला कशाला?" अक्कांनी पेला खाली ठेवला नाही. "लेकरासाठी खाल्ली, म्हशीला चारली. आता माझ्यासाठी खाती."

पुढे त्यांच्या लेकानं पुण्याहून वनस्पतींच्या गोळ्यांची डबी आणली. डबीवर एक बाई हसत होती. "हिला कुठं घाम आलाय?" म्हणून अक्कांनी ती माझ्याकडून वाचून घेतली. आत शतावरीच निघाली! त्याही गोळ्या त्यांनी खाऊन पाहिल्या. जवसाची चटणी तर रोजच्या भाकरीवर असायचीच. "फरक पडतो का हो अक्का?" मी एकदा विचारलं. "थोडा पडतो, थोडा मानून घ्यायचा. पर आग काय इझत न्हाई, शोभा."

माझी चाळिशी उलटली तशी माझीही पाळी मागेपुढे व्हायला लागली. कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, कधी आली की थांबायचं नाव नाही. आबांनी आणि माझ्या नवऱ्यानं ओळखीच्या एका दवाखान्यात परस्पर ठरवून टाकलं, गर्भाची पिशवी काढायची. आमच्या भागात त्याचं कुणाला नवल नाही. मलाही वाटलं, सुटेन एकदाची.

जायच्या दिवशी अक्कांनी जीपच्या पुढ्यात बाज टाकली आणि तिच्यावर मांडी घालून बसल्या.

"डॉक्टर म्हणतोय, पुढं कॅन्सर हुईल," आबा म्हणाले.

"पुढं दुखतील म्हणून आजच तुमचे सगळे दात काढू का?"

ड्रायव्हर हसला. आबांचा चेहरा उतरला. अक्का मात्र हसल्या नाहीत. "माझी काढली तवा मी तिशीची बी न्हवते. सही तुमी केली. मला म्हणलात, मोकळी होशील. अंगाला आग लागंल, झोप जाईल, हाडं ठणकतील, हे सांगितलं का कुणी? ह्या मुळ्या मी हौसंनं उकळत न्हाई. गेल्यालं त्यानं परत येत न्हाई. हिचं अजून हाय. ते ऱ्हाऊ द्या."

अक्कांची पिशवी काढलेली आहे, हे एका चुलीवर इतकी वर्षं रांधून मला ठाऊक नव्हतं. मी जीपमधून खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला अंबाजोगाईला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्या झाल्या. पाळी जायच्या वाटेवर आहे, गोळ्यांनी भागेल, ऑपरेशनची गरज नाही, असं त्या म्हणाल्या. अक्कांनी लगेच शतावरीची पुडी पुढे केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घ्या हवी तर, पण मला सांगून. आणि पाळी पुरती गेल्यावर पुन्हा कधी रक्त दिसलं तर पूड-बिड नाही, तडक इकडे यायचं." अक्कांनी मान डोलावली आणि हे बोलणं गावभर स्वतःचंच म्हणून सांगितलं.

गेल्या वर्षी त्या ओट्यावरून पडल्या. खुबा मोडला. तरणेपणी सगळं काढून टाकलं की हाडं अशी ठिसूळ होतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अक्का पुन्हा अंथरुणातून उठल्या नाहीत. भेटायला येणाऱ्या सुनाबाळींना त्या जवळ बोलावायच्या. "हात लावून बघा गं. पिशवी काढायला निघाल तवा हे हाड आठवा." बायका एकेक करून हात लावायच्या.

उन्हाळ्यात त्या गेल्या. अंगणात लुगड्यांचा आडोसा धरून आम्ही त्यांना शेवटची आंघोळ घातली. पाणी पडलं तसा ओटीपोटावरचा तो जुना, जाड व्रण उघडा पडला. एका म्हातारीनं घाईघाईनं त्यावर कापड ओढलं. बाहेरून आबांचा आवाज आला, "आवरा लवकर."

मी कापड बाजूला केलं. "झाकू नका. दिसू द्या सगळ्यांना."

आडोसा धरलेल्या बायका बघत राहिल्या. त्यांतल्या कितीजणींच्या पोटावर तसाच व्रण होता, मला माहीत आहे. माझ्या पोटावर नाही.

"वेळ लागंल, आबा," मी आतून मोठ्यानं म्हणाले. थोरल्या दिरांशी चढ्या आवाजात बोलायची माझी ती पहिलीच वेळ.