डाळिंबं पुरण्याचा दिवस

फरगाना खोऱ्यातल्या कुवा गावात हुरिनिसाचं नाव घेतलं की टगेसुद्धा रस्ता बदलत. बाई हाडापेराने दणकट, तोंडाने फटकळ. नवरा सोतवोल्दी जिवंत होता तेव्हा मात्र हीच बाई मुकाट मार खायची, आणि सगळ्यात जास्त नोव्हेंबरात, डाळिंबं पुरताना.

थंडीने मरू नयेत म्हणून झाडं हिवाळाभर मातीखाली झाकून ठेवायची, आणि हे काम एकट्याचं नाही. पहिलं हिम पडायच्या आत फांद्या दोरीने आवळायच्या, झाड दरवर्षी ज्या बाजूला झोपतं त्याच बाजूला वाकवायचं. मग एकाने त्यावर पालथं पडून ते दाबून धरायचं आणि दुसऱ्याने फावड्याने माती चढवायची. दाबणाऱ्याचं डोकं आणि फावडं यांत जेमतेम हातभर अंतर. हुरिनिसा वीस वर्षं पालथी पडली. फांदी मोडली की दांडा पाठीत. एका वर्षी खांद्याचं हाड मोडलं, तरी उरलेली अकरा झाडं सोतवोल्दीने तिच्याकडूनच दाबून घेतली. तो मेला तेव्हा ती रडली नाही. लोक बोलले. बोलेनात का!

आता फावडं मुलाच्या, बहोदिरच्या हाती होतं. झाडं दाबायला सून ओयदिन, लग्नाला वर्षही न झालेली. हुरिनिसा दोऱ्या आवळत होती. डोंगर पांढरे झाले होते, रेडिओने कडाक्याची थंडी सांगितली होती आणि अजून सत्तावीस झाडं उघडी होती. तेवढ्यात ओयदिनने एक झाड उलट्या बाजूला वाकवलं. बुंधा कडाडून दुभंगला.

"डोळे फुटले का तुझे?" बहोदिर ओरडला. "बापाच्या हातचं झाड होतं ते."

"हे एकटंच उलटं झोपतं, मला कुणी सांगितलं?"

"वर तोंड करून बोलतेस?"

त्याने लाथ घातली. ती काट्यांत पडली, गाल फाटला. उठू लागली तसं त्याने फावडं उलटं धरलं आणि दांडा वर उचलला. अगदी बापासारखा. हुरिनिसाने दुसरं फावडं उचलून त्याच्या कोपरावर हाणलं. तो आईच्याच अंगावर धावला, तसं पुन्हा, मनगटावर. हाड मोडल्याचं तिघांनाही ऐकू आलं.

तो मटकन खाली बसला. "आई, मला मारलंस? परक्याच्या पोरीसाठी?"

"तुझ्यासाठी रे मुडद्या. तुझा बाप मेला तेव्हा मला बरं वाटलं होतं. तू मेल्यावर हिला तसं वाटायला नको."

सून आता गळ्यात पडेल असं तिला वाटलं असेल, तर ते चुकलं. ओयदिनने तिच्या छातीवर दोन गुद्दे घातले. "माझ्या नवऱ्याचा हात मोडलात! गाव म्हणतं ते खरंय, राक्षसीण आहात तुम्ही." हुरिनिसाने गुद्दे खाल्ले, हात उचलला नाही.

शेजाऱ्याने बहोदिरला गाडीतून दवाखान्यात नेलं. ओयदिन बसायला गेली तर नवऱ्याने दार ओढून घेतलं. "तुझ्यामुळेच झालं सगळं," तो म्हणाला.

दोघीच उरल्या. ऊन उतरत होतं. ओयदिनने गालावरचं रक्त पुसलं आणि नवऱ्याचं फावडं उचललं.

"आता तुम्ही पालथ्या पडा," ती म्हणाली.

हुरिनिसाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काय आहे ते कळेना. तिला भीती वाटली, चक्क भीती. तरी ती पुढच्या झाडावर पालथी पडली आणि तिने डोळे मिटून घेतले. फावडं वर गेल्याचं तिला जाणवलं.

माती फांद्यांवर पडली.

"डोकं जरा अलीकडे घ्या," सून म्हणाली. "लागेल."