निम्म्यावर आलेलं बिल

अख्ख्या मुंबईत सूर्यप्रकाशाचा पुरेपूर वापर करणारे एकच गृहस्थ आहेत, आणि ते माझ्या आत्याचे यजमान आहेत. आम्ही त्यांना काका म्हणतो. लालबागच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत दिवेलागण तिन्हीसांजेला होत नाही. काकांना पेपरातली अक्षरं दिसेनाशी झाली की होते, आणि गॅलरीच्या कठड्याला टेकून ते पेपर इतका तिरपा धरतात की अक्षरं सहसा जेवणाच्या वेळेपर्यंत दिसतच राहतात. कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे एकदमच बसतात. शेवटची शिट्टी व्हायच्या बेतात आली की काका गॅस बंद करतात. ती कुकरने स्वतःच्या हिमतीवर द्यायची असते. फ्रिज उघडण्याआधी काय हवंय ते मोठ्याने सांगावं लागतं. "आधी ठरव, मग दार उघड. आत बघून ठरवायला ते काय साड्यांचं दुकान आहे?" असं ते आत्याला अजूनही बजावतात. आत्या म्हणते, "माझं लग्न ठरवताना दादाने जरा आत बघून घेतलं असतं तर!"

हे वेड घरापुरतं असतं तर चाललं असतं. माझ्या धाकट्या भावासाठी माटुंग्याला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे यायच्या आत काका उठले, यजमानांच्या फ्रिजच्या दारात त्यांनी दहाची नोट अडकवली आणि ती अलगद ओढून काढून दाखवली. "रबर गेलंय तुमचं. गारवा सगळा बाहेर, आणि बिल आत!" आम्ही माना खाली घातल्या. लग्न मात्र ठरलं, आणि मुलीचे वडील काकांना आजतागायत इंजिनियर समजतात. काका आयुष्यभर गोदीत कारकून होते.

एवढं करून काकांचं स्वतःचं बिल काही केल्या उतरत नव्हतं. एका गणपतीत आरतीनंतर त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, की बिल निम्म्यावर आणीन आणि चाळभर पेढे वाटीन. तेव्हापासून जिन्यात भेटेल तो विचारायचा, "काय काका, पेढे कधी?" काका हसायचे, पण त्यांना ते लागायचं.

मग एका मे महिन्यात ते मेन स्विच बंद करून गावाला गेले, आणि परत आले तर बिल नेहमीएवढंच. काकांनी मला बोलावून घेतलं. मी वर मेन स्विचपाशी, ते खाली जिन्याखालच्या मीटरच्या फळीसमोर बॅटरी घेऊन. "बंद केलंस?" "केलं!" "अरे, नीट बंद कर!" शेवटी मीच खाली गेलो. काकांचं मीटर निवांत चालू होतं, आणि थांबलं होतं ते शेजारच्या नानींचं. मीटर खाली हलवताना वायरमनने दोन्ही खोल्यांच्या तारा उलट जोडल्या होत्या. म्हणजे काकांच्या बचतीचा लाभ नानींना, आणि नानींचं बिल काकांना.

काका तरातरा नानींकडे गेले, मागोमाग मी. नानी एकट्या राहायच्या. भरदिवसा ट्यूब चालू, पंखा फुल, टीव्हीवर मालिका, आणि नानी टीव्हीकडे पाठ करून मेथी निवडत होत्या. काकांनी सबुरीने सुरुवात केली, "नानी, टीव्ही फार चालतो तुमचा." नानी म्हणाल्या, "काय करतलंय? बंद केलो की घर खावक उठता. आणि बिल तरी खय येता माका? देवाची कृपा!"

काका थोडा वेळ टीव्हीकडे बघत राहिले. घरी आल्यावर आत्याने विचारलं, "सांगितलंत?" ते म्हणाले, "त्यांच्या फ्रिजचं रबर गेलंय. बदलून देतो."

पुढे त्यांनी नानींची ट्यूब बदलली, पंखा बदलला, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. आपलंच बिल असल्याने हक्काने केलं म्हणा. टीव्हीला मात्र हात लावला नाही. जिन्यात लोक पेढे विचारतच राहिले आणि काका हसतच राहिले. मला तेव्हा त्यांचा फार अभिमान वाटायचा, पण बोलायची सोय नव्हती.

गेल्या हिवाळ्यात नानी गेल्या. खोलीला कुलूप लागलं. नानींच्या नावाचं बिल, म्हणजे खरं तर काकांच्याच विजेचं, त्यांनी नानींच्या मुलीकडून स्वतःकडे मागून घेतलं. दोनेक महिन्यांनी दोन्ही बिलं आली, तेव्हा मी तिथेच होतो. काकांच्या नावाचं बिल निम्म्यावर कसलं, जवळजवळ काहीच नव्हतं. दुसरं धरूनही बेरीज पूर्वीच्या निम्म्याच्या आतच होती. आत्या म्हणाली, "अहो, झालं की! पेढे आणायचे ना?"

काका म्हणाले, "नको. शेजारी सुतक आहे."

सुतक आपल्याला नव्हतंच, आणि नानींच्या घरच्यांचंही कधीच फिटलं होतं. आत्याने उठून टीव्ही लावला आणि मेथी निवडायला बसली. काकांनी तो बंद करायला सांगितलं नाही.