अकाउंटंट ठेवू की हेच बरे?

शिवणकाम असलेल्या घरात दोन गोष्टी न मागता साठतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्यांच्या मी पिशव्या शिवते. किश्शांचं काय करायचं ते कळेना, म्हणून आता तुमच्या गळ्यात मारते.

मी चेन्नईत, अड्यारला, राहत्या घरी शिवलेल्या नऊवारी विकते. आपली नऊवारी आणि इथलं मडिसार, म्हणजे तमिळ बायकांची नऊवारी. पायात घाला, नाडी बांधा, लग्नाला पळा! धंदा माझ्या एकटीच्या नावावर. हिशेब मात्र आमचे हे ठेवतात. संरक्षण खात्याच्या कारखान्यातून रिटायर झाले तेव्हा दोन महिने नुसते खिडकीत बसून होते. मला बघवेना, म्हणून वही हातात दिली. तेव्हापासून माणूस रोज साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून डायनिंग टेबलावर ‘ऑफिस’ला बसतो.

यंदा कोइमतूरच्या एका बाईंनी जानेवारीतल्या लग्नांसाठी मोठी ऑर्डर देऊ केली. अट एकच, जीएसटीचं पक्कं बिल हवं. म्हणजे अकाउंटंट आला. तो ठेवला तर ह्यांचं ऑफिस बंद, नाही ठेवला तर ऑर्डर गेली. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

* * *

मुळात ह्यांच्या हिशेबाची गत कळली ती नणंदबाईंमुळे. साताऱ्याहून आल्या होत्या. दुपारी वेळ जाईना, म्हणून ह्यांची वही चाळायला घेतली. त्यात लिहिलेलं असं: मामी, अर्धे आले. मामी, उरलेले दिवाळीनंतर. मामी (चष्मा), साडी परत. मामी, दुसऱ्या मामीकडे दिलेत म्हणते.

नणंदबाईंनी चार पानं वाचली आणि गंभीर चेहऱ्यानं ह्यांना विचारलं, “दादा, आपल्याला मामा एकच होता ना रे?”

आता इथे पोक्त बाईला मामीच म्हणायचं असतं, त्याला हे तरी काय करणार? मी म्हटलं, अहो, निदान नावं तरी लिहा. तर म्हणाले, मामीला नावानं कसं लिहायचं, बरं दिसत नाही.

* * *

खालच्या मजल्यावर अलमेलू मामी राहतात. (ह्यांच्या वहीतल्या तीन नंबरच्या.) त्यांना मी अडचण सांगितली. त्या म्हणाल्या, काळजी नको, उद्या अकरा वाजता आडिटरला वर पाठवते.

झालं! ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कारखान्यात अख्खी नोकरी ऑडिटरच्या धाकात गेलेली. आमच्याकडे ज्याला सीए म्हणतात त्याला इथे आडिटर म्हणतात, हे आम्हाला इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं. ह्यांना वाटलं, मामींनी आपली तक्रार केली.

कारखान्याचा एक जुना रिवाज असा की ऑडिटरला इतकं खायला घालायचं की त्याला फाइल उघडावीशीच वाटू नये. सकाळपासून माझी कढई उतरली नाही. पोहे, साटोरी, शिरा, वर ताक. आडिटर आला तो साधा, हसरा माणूस. ह्यांनी उभं राहून सांगितलं, “सर, स्टॉकमध्ये काहीही शॉर्ट नाही.” त्यानं मुकाट्यानं सगळं खाल्लं, ढेकर दिला, आणि फी न सांगता, वही न उघडता निघून गेला. मामींना म्हणे सांगून गेला की लोक फार चांगले आहेत, पण मला का बोलावलं ते कळलं नाही.

* * *

दुसऱ्यांदा आला तेव्हा कळलं की आडिटर तंजावरकडचा मराठी आहे. घरात आजही मराठी बोलतात. पण त्याचं मराठी इतकं जुनं आणि चाल इतकी तमिळ, की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. शेवटी तिघंही इंग्रजीवर आलो.

या खेपेला त्यानं वही वाचली. शांतपणे म्हणाला, “परवायिल्ले.”

हे एकदम खूश. म्हणाले, बघ, ‘वाईट नाही’ म्हणाला. मला वाटलं, ‘चालवून घेऊ’ म्हणाला. अलमेलू मामींना विचारलं, तर त्या म्हणाल्या की ‘जाऊ दे, सोडून द्या’ असाही अर्थ होतो. म्हणून मी फोन करून सरळच विचारलं, अकाउंटंट ठेवायलाच हवा का? नाही ठेवला तर चालेल? पलीकडून उत्तर आलं, परवायिल्ले.

* * *

मध्येच आमच्या इथल्या मराठी मंडळातला अनिकेत उगवला. आयटीतला पोरगा. म्हणाला, काकू, माणूस कशाला, अ‍ॅप टाका. टाकलं. हे दोन आठवडे त्यात मान घालून बसले. महिनाअखेर अ‍ॅपनं माझं अभिनंदन केलं, विक्री नऊपट वाढली म्हणून! मला घाम फुटला. एवढ्या साड्या शिवल्या कोणी?

अनिकेतनं तपासलं. प्रत्येक साडीपुढे, नगाच्या रकान्यात, ह्यांनी नऊ लिहिलं होतं. नऊवारी आहे ना, म्हणाले.

* * *

शेवटी मी मन घट्ट केलं आणि अकाउंटंट ठेवायचा ठरवला. तर मामी म्हणाल्या, आडी महिना लागलाय, नवं काही सुरू करायचं नाही. आडी संपला, तर हे म्हणाले, गणपतीत पाहुणे येणार. गणपती गेले, पितृपक्ष आला. मामींचं पंचांग आणि आमचं कालनिर्णय मिळून एक दिवस मोकळा राहिला होता, तर त्या दिवशी आडिटर तिरुपतीला गेलेला. तिकडे कोइमतूरच्या बाईंचा आवाज दर फोनला कोरडा होत होता.

* * *

आडिटर परतल्यावर त्यानं मार्ग काढला. बिलं आणि जीएसटी त्याचं ऑफिस बघणार, म्हणजे ऑर्डर वाचली. रोज घरी बसून नोंदी करायला मात्र एक माणूस ठेवायचा. काम त्याच्या ऑफिसातले लोक शिकवतील, माणूस फक्त नियमित हवा. जाहिरात मंडळाच्या ग्रुपवर टाकली. अर्ज आडिटरच्या ऑफिसातल्या कवितानं घ्यायचे होते. ह्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते ‘बरं’ एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं, पण करते काय?

आठवड्यानं कविताचा फोन आला. अर्ज तीन. एकाला घरूनच काम हवं, एकाला दुसरीकडे नोकरी लागली. तिसरा म्हातारा आहे, पण तिला बरा वाटला. नाव डी. मनोहर. इथल्या रीतीनं वडिलांचं आद्याक्षर, आडनाव नाही. अनुभव सहा वर्षं, कापडाच्या धंद्यात. आधीचं काम सोडण्याचं कारण, मालकीणबाई दुसरा माणूस शोधत आहेत. अपेक्षित पगार, दोन वेळा कॉफी.

मी मान वर करून बघितलं. डी. मनोहर समोरच टेबलाशी बसून पेपर वाचत होते. मघापासून पान उलटलं नव्हतं.

कविता म्हणाली, “मॅडम, आधीच्या मालकीणबाई म्हणून त्यांनी चुकून तुमचाच नंबर दिलाय. तुम्ही ओळखता का त्यांना? माणूस कसा आहे?”

“हिशेबात कच्चा आहे,” मी म्हटलं. “पण सहा वर्षांत एक खाडा नाही. सोमवारपासून पाठवून द्या.”