खंडेनवमीला झोपलेलं इंजिन

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात आजोबांचा छोटा छापखाना होता. संपांची, सभांची पत्रकं ते छापत, आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. अर्धवट भूमिका ही भूमिकाच नसते, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

म्हणून अप्पांनी परदेशी निघालेल्या सहकाऱ्याची जुनी प्लग-इन हायब्रिड गाडी घेतली तेव्हा मी भडकले. बॅटरीवरही चालणार आणि पेट्रोलवरही, म्हणजे दोन डगरींवर पाय. त्यातून अप्पा ती कधी प्लगला लावायचेच नाहीत. केबल डिकीत गुंडाळून पडलेली आणि कुवेंपुनगरातल्या कोपऱ्यावरून दूध आणायलाही इंजिन सुरू. मी स्वयंपाकघराच्या दारावर पत्रक चिकटवलं: ‘प्लग न लावणे म्हणजे पेट्रोल जाळून बॅटरीचे ओझे वाहणे.’ आईने त्याच्यावरच वाण्याची यादी लावली.

मग दसरा आला. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, त्यांची एक तलवार घरात आहे. खंडेनवमीला सकाळी तिची पूजा होते, शेजारी विळी, कात्री, शिवणयंत्र. बाहेर गाडीच्या बॉनेटवर हार. त्यानंतर दसऱ्याच्या सकाळपर्यंत घरातलं एकही हत्यार चालवायचं नाही. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायची. संध्याकाळच्या आरतीला तलवारीला कुंकू लावण्याचा मान मात्र घरच्या थोरल्या लेकीचा.

थोरली लेक म्हणजे अप्पांची मोठी बहीण, माझी बन्नूरची आत्या. गुडघे गेल्यापासून तिला बसची पायरी चढवत नव्हती. भाड्याच्या गाडीने माहेरी यायचं नाही, हा तिचा हट्ट. आदल्या दिवशी यावं तर सकाळी तिच्या घरी ट्रॅक्टरची पूजा. ती मोकळी व्हायची दुपारी, तोवर आमची गाडी हार घालून बसलेली. कितीतरी वर्षं तिच्या नावाने आईच कुंकू लावत होती. मला ते सहन होत नव्हतं. लेकीच्या वाट्याला एक मान, आणि तोही बदलीवर.

“मी बॅटरीवर जाऊन आणते,” यंदा सकाळची पूजा झाल्यावर मी अप्पांना म्हटलं. “इंजिनाला हात लावणार नाही.”

“बॅटरी काय, तेही हत्यारच की.”

मी आत्याला फोन लावला, सगळं सांगितलं आणि स्पीकर सुरू केला.

“काय रे,” आत्या म्हणाली, “राबतो त्याला आज विसावा, असं बाबा म्हणायचे. लेकीचा मान बुडवा असं कधी म्हणाले?”

“तसं नव्हे, अक्का...”

“मग सुम्ने ऱ्हा, गप. वर्षभर तू त्या इंजिनालाच राबवतोस, पोरगी सांगते. ते झोपू दे. त्याच्या झोपेत मी येते.”

अप्पा दारात जाऊन हार घातलेली गाडी बघून आले. मग म्हणाले, “जा. पण इंजिन एकदा जरी सुरू झालं, तर गाडी फाटकाच्या आत येणार नाही. आणि मी बॉनेटला हात लावून बघणार.”

बॅटरी संपत आली की ही गाडी आपण होऊन इंजिन सुरू करते. पायाने जोर दिला तरी करते. एका चार्जवर ती चाळीसेक किलोमीटर जायची, बन्नूर तिशीच्या आसपास. रात्रीच मी केबल लावून ती भरून ठेवली होती, पण परतीसाठी आत्याकडे पुन्हा चार्ज करणं भाग होतं. मी पोचले, पाण्याच्या पंपाच्या जाड सॉकेटला केबल लावली, जेवले. दीड तासात वीज गेली.

बराच वेळ वाट पाहून स्क्रीन बघितला. एकोणतीस किलोमीटर. आत्याने नऊवारी सावरली आणि पुढच्या सीटवर बसली.

“एसी नाही?”

“नाही. खिडकी उघडा. आणि सामान?”

“दोन नारळ.”

“ठेवा खाली घरीच.”

“एवढी भिकारी गाडी?” म्हणत तिने नारळ आपल्या मुलाकडे दिले.

मी उसाच्या शेतांमधून सायकलच्या वेगाने निघाले. केळीचे खुंट बांधलेला ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. आत्याने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बैल तरी बांधायचे होते.” मी हसले नाही. उजवा पाय खाली अंडं असल्यासारखा धरला होता. रिंग रोडला आकडा पाच झाला, सिग्नलच्या गर्दीत तीन. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक.

फाटकाशी अप्पा उभे होते, मागे आई तबक घेऊन. मी गाडी थांबवली. अप्पांनी हार बाजूला सारला, तळहात बॉनेटवर टेकवला, आणि नको इतका वेळ तिथेच ठेवला.

“गार आहे,” ते म्हणाले, आणि फाटक सताड उघडलं.

आरतीला आत्याने कुंकू लावलं. तलवारीच्या मुठीपासून टोकापर्यंत तिने एकेक ठिपका ठेवला, कुणाला घाई करू दिली नाही. मग कुंकवाची कुयरी माझ्या हातात दिली. “बघून ठेव. माझ्यानंतर तू.”

दसऱ्याच्या सकाळी मी पोर्चमध्ये आले. केबल डिकीतून बाहेर आली होती आणि गाडी प्लगला लागली होती. मी लावली नव्हती. सॉकेटच्या वर माझं पत्रक चिकटवलेलं होतं, वाण्याच्या यादीशिवाय.