एक जानेवारी एकोणीसशे सत्तर

ज्ञानदाला मासळीच्या वासाची कधी किळस आली नाही. किळस यायची ती सोसायटीच्या लिफ्टशेजारी चिकटवलेल्या सूचनेची: 'मासळीवाल्यांनी जिना वापरावा.' अर्नाळ्याची बायजा दर बुधवारी डोक्यावर टोपली घेऊन चार मजले चढायची आणि प्रत्येक मजल्यावर गुडघे धरून उभी राहायची. ज्ञानदा सोसायटीच्या सभेत दोनदा तावातावाने बोलली, तर उत्तर मिळालं, "वास राहतो हो, मॅडम." पापलेटाचे काटे चोखून चोखून खाणारी माणसं ही, शी!

बोलायला फटकळ, पण कामात वाघीण, असा ज्ञानदाचा लौकिक. वसईतल्या एका छोट्या कंपनीत ती पंधरा वर्षं पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वेबसाइटी बनवत होती. यंदा कंपनीकडे एका धर्मादाय ट्रस्टच्या अर्जनोंदणीचं काम आलं. साठ वर्षं पूर्ण झालेल्यांना गुडघ्याचं ऑपरेशन फुकट. बायजाला ही बातमी दिली ती ज्ञानदानेच. अर्नाळ्याच्या शिबिरात बायजाने कागदी फॉर्म भरला, तारीख घातली 27/09/1958.

त्या तारखेचा तिला भारी तोरा. तिच्या वयाच्या बहुतेकांची जन्मतारीख शाळेतल्या मास्तरांनी अंदाजाने टाकलेली, सरसकट एक जून. बायजा म्हणायची, "माजी तारीख मास्तरची नाय, माज्या बापाची हाय. त्याने सोता जाऊन लिवली."

फॉर्म जसेच्या तसे कॉम्प्युटरवर चढले. यादी निघाली, तर साडेतीनशेपैकी एकशे बारा जण एक जानेवारी १९७० ला जन्मलेले! ज्ञानदाचा साहेब सुमेध खो खो हसला. "गाववाले ना! मास्तरांनी सगळ्यांना एकच तारीख वाटली असणार." ज्ञानदाही हसली. मास्तर जून टाकतात, जानेवारी नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या स्वतःच्या आईची तारीख एक जून होती. तरी हसली आणि जेवायला गेली.

पुढचे दोन बुधवार बायजा आली नाही. तिसऱ्या बुधवारी आली ती टोपलीशिवाय, हातात प्लास्टिकची पिशवी, चेहरा फुललेला.

"बाय, काम झाला गो. ट्रस्टचा कागद आलेला, माजी तारीख त्यांच्या नोंदीशी जुलत नाय म्हनून. कोर्टाभायेर एजंट बसतो, त्याने स्टॅम्पपेपर करून दिला. कॉम्प्युटरमधे हाय तीच तारीख घातली. आता जुलली."

ज्ञानदाने पिशवीतली झेरॉक्स वाचली. माझा जन्म एक जानेवारी १९७० चा असून आधीची तारीख खोटी आहे, असं प्रतिज्ञापत्र. खाली बायजाची वेडीवाकडी सही. कॉम्प्युटरचं वेळ मोजणं एक जानेवारी १९७० ला शून्यापासून सुरू होतं. दिलेली तारीख त्याला कळली नाही आणि कोणी तपासलंही नाही, की तो हाच दिवस ठोकून मोकळा होतो.

ऑफिसात जाऊन तिने कोड उघडला. ती ओळ तिचीच होती. पीएचपीला तारखेत आडव्या रेघा दिल्या तर ते आधी दिवस धरतं. तिरक्या रेघा दिल्या की अमेरिकन थाटात आधी महिना. सत्तावीस नंबरचा महिना आणायचा कुठून? तपासताना ज्ञानदाने आडव्या रेघा टाकल्या होत्या, आणि अख्खी वसई हाताने तिरक्याच टाकते. ती स्वतःसुद्धा. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली.

"दुरुस्ती गुपचूप वर चढव," सुमेध म्हणाला. "ट्रस्टला कळवू नकोस, नाव खराब होईल आपलं. ज्यांना गरज आहे ते परत अर्ज करतील."

त्या माणसाच्या तोंडाकडे बघवेना तिला. त्याच्यासमोरच बसून तिने ट्रस्टला सगळं लिहिलं, चूक माझी असं स्वतःच्या नावानिशी लिहिलं. सुमेध आठवडाभर बोलला नाही. बरंच झालं.

ट्रस्टचं उत्तर आलं. एकशे अकरा जणांच्या तारखा दुरुस्त झाल्या. बायजाची नाही. अर्जदाराने स्वतः प्रतिज्ञापत्र दिलं असल्यास तीच तारीख अंतिम, असा नियम. वय पंचावन्न, अपात्र. ज्ञानदाने तीनदा फोन केला, तिन्ही वेळा एकाच गोड आवाजात तोच नियम ऐकला.

बुधवारी बायजा टोपली घेऊन चौथ्या मजल्यावर आली आणि दारातच बसली. ज्ञानदाने तिला पाणी दिलं, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "चूक माझी आहे, बायजा. तुझी काही नाही."

बायजा गुडघा चोळत राहिली.

"ऑपरेशन ऱ्हावदे गो," ती म्हणाली. "पन माजा बाप खोटा, असा लिवलेला त्या कागदावर. आनि खाली सही मीच केली."

मग तिने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं आणि बोंबील किती देऊ म्हणून विचारलं.